होल्स्टर: ऑफिस, गाडी, डोंगर, धावणं, सगळ्याला एकच चालेल का?

माणदेशी

नमस्कार मंडळी. मी टेक्सासात, ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. इथे येऊन चौदा वर्षं झाली. घर गावाबाहेर दीड एकरावर आहे, रात्री शेरीफची गाडी यायची म्हणजे वेळ लागतो. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. त्यानंतर बायकोशी सहा महिने बोलून, दोघांचं एकमत झाल्यावरच एक मध्यम आकाराचं ९ एमएम पिस्तूल घेतलं. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल जवळ ठेवता येतं. तरी मी वर्गाला बसून, परीक्षा देऊन परवाना काढला, कारण मला हे नीट शिकायचं होतं.

आता मूळ मुद्दा. पिस्तूल घेतलं त्याच दिवशी दुकानातून वीस डॉलरचं नायलॉनचं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायचं कव्हर, उचललं. पाकिटावर लिहिलं होतं, सगळ्या मध्यम पिस्तुलांना बसेल. नेमबाजीच्या रेंजवर प्रशिक्षकांनी ते हातात घेतलं आणि मला बाजूला बोलावलं. मॅगझीन काढायला लावलं, चेंबर रिकामा आहे हे तीनदा बघायला लावलं, बोट घालून खात्री करायला लावली. मग रिकामं पिस्तूल त्याच होल्स्टरमध्ये घातलं, नळी मातीच्या बांधाकडे धरली आणि बाहेरून, कापडावरूनच, अंगठ्याने चाप दाबला. आतून ‘टक्’ असा आवाज आला.

एवढंच. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. ते होल्स्टर लावून मी आदल्या संध्याकाळी घरात तासभर हिंडलो होतो. पिस्तूल रिकामं होतं म्हणून ठीक. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, ती धावत येऊन कमरेला मिठी मारते.

तर आता नव्याने घ्यायचं आहे आणि घाई करायची नाही. माझा आठवडा असा: रोज पस्तीस मिनिटं गाडी चालवून ऑफिस. शनिवारी बायको-मुलीबरोबर डोंगर, पाठीवर मोठी सॅक. महिन्यातून दोनदा रेंज. आठवड्यातून तीनदा पहाटे धावायला जातो. या सगळ्याला एकच होल्स्टर पुरेल, की कामाप्रमाणे वेगळं घ्यावं? अनुभवी लोकांनी लिहावं.

रानवारा

बरं झालं विचारलंत. मी फिनिक्सला असते, सात वर्षं जवळ बाळगते आहे.

आधी होल्स्टर नाही, पट्टा बघा. भरलेलं मध्यम पिस्तूल साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जातं. नेहमीचा ऑफिसचा पातळ पट्टा त्या वजनाने लोंबतो, पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलतं आणि मग माणूस दिवसभर विजार वर ओढत बसतो. दीड इंची, दुहेरी चामड्याचा किंवा आत कडक पट्टी घातलेला पट्टा घ्या. पट्टा बदलल्यावर जुनंच होल्स्टर निम्मं सुधारल्यासारखं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

होल्स्टरचं म्हणाल तर चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारं, कडक, आणि फक्त तुमच्याच मॉडेलच्या साच्यावर बनवलेलं हवं. कायडेक्सचं मिळतं. मूळचं हे प्लॅस्टिक विमानांच्या आतल्या भागांसाठी काढलेलं. तापवून साच्यावर दाबलं की पिस्तुलाचा आकार जसाच्या तसा घेतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो, पाठ पोट सगळं घामाने निथळतं. चामडं तो घाम पितं, कायडेक्स पुसून टाकलं की झालं. पोटाच्या बाजूची कड थोडी उंच असलेलं घ्या, नाहीतर पिस्तुलाची मागची धार दिवसभर कातडीला घासते.

आता बायकांसाठी थोडं वेगळं लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. आपल्या कपड्यांना नाडे असतात. सलवारीचा नाडा, कुर्त्याची गोंड्याची दोरी, ओढणीचं टोक. पिस्तूल परत आत घालताना यातलं काहीही चापाच्या कडीत अडकलं आणि वरून दाब दिला तर गोळी सुटते. जॅकेटच्या दोरीच्या गाठीमुळेही असे अपघात झालेले आहेत. त्यामुळे मी नियमच केला आहे: सलवार-कुर्ता किंवा साडी असेल त्या दिवशी पिस्तूल घरी, तिजोरीत. पोटाला गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, तोही मी वापरून बघितला. नुसत्या कापडाचा घेऊ नका. चापाच्या जागी कडक कवच शिवलेला असेल तरच.

पर्समध्ये कधीही नाही. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडनमध्ये, दुकानात खरेदी करताना, एका आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला लागलं आणि ती जागीच गेली. ती पर्स पिस्तुलासाठी मुद्दाम वेगळा कप्पा असलेली होती. पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीला धरायला देतो. होल्स्टर अंगावर असतं म्हणून तरी त्याचा अर्थ आहे.

नवखा_डॅलस

वाचतोय. मी एच-१बी वर आहे, ऑफिसातले मित्र रेंजवर चल म्हणतात. मीही एक होल्स्टर घेऊन ठेवू का?

देवराई

@नवखा_डॅलस, थांबा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्ड असलेल्यांना ही बंदी लागू नाही. रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणं हेही बाळगण्यात मोडतं. राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी वरचा कायदा सुटत नाही. आधी वकिलाला विचारा, मित्रांना नको. बाकी प्रश्नावर सवडीने लिहितो.

सुभेदार_सातारा

माणदेशी, मी फौजेत सव्वीस वर्षं काढली, आता गावी शेती बघतो. नातू ऑस्ट्रेलियात असतो, त्याने हा धागा दाखवला.

आमच्याकडे ९ एमएम १ए पिस्तूल असायचं, ईशापूरच्या कारखान्यातलं. होल्स्टर कॅनव्हासचं, वर झडप, झडपेला बटण. मुठीला डोरी, ती डोरी खांद्यात. तुम्हा लोकांना ते संथ वाटेल. पण वाळूत, पावसात, चिखलात लोळल्यावर झडपेखालचं हत्यार कोरडं निघायचं आणि जवान पडला तरी हत्यार डोरीला लटकून राहायचं. जिथे हत्यार हरवणं हाच मोठा धोका, तिथे झडप आणि डोरी. जिथे लपवायचं आहे तिथे दुसरं काही.

एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्याच मातीतली आहे. पोलीस आणि फौजेतले अधिकारी कमरेचा पट्टा आणि खांद्यावरून तिरका उतरणारा दुसरा पट्टा लावतात ना, तो सॅम ब्राउन. हा ब्राउन कंपनी सरकारच्या घोडदळात होता. १८५८ च्या ऑगस्टअखेर पीलीभीतकडच्या लढाईत त्याचा डावा हात खांद्यापासून गेला. तलवार उपसायची तर डाव्या हाताने म्यान धरावं लागतं. हातच नाही, म्यान धरणार कोण? म्हणून त्याने म्यान पट्ट्याला पक्कं केलं, पिस्तुलाचं कव्हर दुसऱ्या अंगाला बसवलं आणि सगळा भार खांद्यावरच्या तिरक्या पट्ट्यावर घेतला. पुढे सगळ्या जगाने तो उचलला. सांगायचं कारण, त्याने दुकानात काय मिळतं ते बघितलं नाही. आपलं अंग काय करू शकतं, काय करू शकत नाही, तिथून सुरुवात केली.

तुम्हीही तसंच करा. बसता कसे, वाकता कसे, कोणता हात कुठे पोचतो, ते आधी बघा. आणि एक सांगतो, जागा सारखी बदलू नका. आज उजवी कंबर, उद्या छाती, परवा पाऊल, असं केलं तर घाईच्या वेळी हात चुकीच्या जागी जाणार. आम्ही जवानाला एकच जागा शिकवायचो.

उत्तरध्रुव

सुभेदारकाका, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर थोडा वेगळा अनुभव सांगते. मी अँकोरेजला नर्स आहे, नवरा मासेमारीवेडा. आमच्याकडे कमरेची जागा चालतच नाही.

उन्हाळ्यात केनाई द्वीपकल्पात सामन मासे वर चढतात, त्यांच्या मागे अस्वलं येतात आणि आम्ही त्याच पाण्यात उभे असतो. अंगात छातीपर्यंतचे रबरी वेडर. पिस्तूल कमरेला लावलं तर ते वेडरच्या आत, म्हणजे नसल्यासारखंच. वरून लावलं तर पाण्यात बुडतं. डोंगर चढताना सॅकचा कमरपट्टा नेमका होल्स्टरच्या जागेवर आवळला जातो, मूठ त्याखाली दबते, दोन तासांत नितंबावर काळंनिळं होतं. म्हणून इथे छातीवरचं होल्स्टर. एक पट्टा खांद्यावरून, एक छातीभोवती, पिस्तूल तिरकं बरगडीच्या पुढे. वेडर असो, सॅक असो, बसलेलं असो, उभं असो, हात तिथेच जातो. नवऱ्याचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर सव्वा किलोच्या आसपास आहे, तेवढं वजन कमरेला घेऊन दिवसभर चालून बघा म्हणजे कळेल.

छातीवरच्याची अडचणही सांगते. नळी डाव्या बाजूला रोखलेली राहते. काढताना डावा हात पुढे आला तर तो नळीसमोर येतो. माझा डावा हात आधी छातीला चिकटतो, मगच उजवा मुठीकडे जातो. ही सवय लागायला मला एक अख्खा हिवाळा लागला, रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर. शिवाय डाव्या अंगाला मूल चालत असेल तर ते त्या रेषेत येतं. मुलीला नेहमी उजवीकडे ठेवा.

आणि पहिली गोष्ट अस्वलाचा स्प्रे. तोही होल्स्टरमध्येच, सॅकच्या पट्ट्यावर, हाताशी. सॅकच्या आत ठेवलेला स्प्रे काही कामाचा नाही. अस्वलापासून शंभर यार्ड दूर राहायचं हा यलोस्टोन उद्यानाचा नियम आहे, तो मी सगळीकडे पाळते. इथे जीव वाचवायला अस्वल मारावं लागलं तर त्याचं कातडं सोलून, कवटीसकट, सरकारजमा करावं लागतं आणि लेखी कळवावं लागतं. ओल्या जंगलात, दुसरं अस्वल जवळपास असताना हे काम करायची वेळ येऊ नये म्हणूनच आम्ही मोठ्याने बोलत, टाळ्या वाजवत चालतो.

माणदेशी

उत्तरध्रुव ताई, फार उपयोगी. मुलीला उजवीकडे ठेवायचं हे मला कधीच सुचलं नसतं. आमच्याकडे ग्रिझली नाहीत, पण पश्चिमेला बिग बेंडमध्ये काळी अस्वलं आहेत. मेक्सिकोतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपणहून परत आली म्हणे. तिथे जायचा बेत आहे.

देवराई

बिग बेंडला जाणार असाल तर, २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या-त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पिस्तूल बाळगता येतं. पण उद्यानाच्या माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतींत नाही, आणि चालवायला तर मनाई आहेच. म्हणजे शौचालयाला किंवा नकाशा घ्यायला इमारतीत शिरायच्या आधी ते गाडीत कुलपात ठेवावं लागणार. छातीवरचं होल्स्टर असेल तर बकलं सोडून अख्खं काढता येतं, पिस्तुलाला हात लावावा लागत नाही. होल्स्टर निवडताना हे बघाच.

सांजवात

मी हे सगळं वाचून अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते. मुलीबरोबर टेकडीवर जाताना छातीवर पिस्तूल कशासाठी? आपण पुण्यात सिंहगडावर काठी घेऊन गेलो. कुणावर टीका करायची नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

माणदेशी

सांजवात, प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न माझी बायको सहा महिने विचारत होती. घराचं कारण मी वर लिहिलं. टेकडीचं म्हणाल तर तुमचं वाचून मी पुन्हा विचार करतो आहे. आमच्या जवळच्या टेकड्यांवर शनिवारी शंभर माणसं असतात. तिथे कदाचित गरज नाही. पण बाळगायचंच असेल तर ते कसं, एवढाच या धाग्याचा विषय ठेवू या. कारण वाईट होल्स्टर हा धोका माझ्या घरात माझ्याच हाताने आला होता.

चामडेवाला

कोल्हापूरहून. आमचं घर चार पिढ्या चामड्याच्या कामात. चपला मुख्य, पण परवानाधारकांसाठी .३२ च्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांची कव्हरंही शिवतो. कायडेक्सची स्तुती वाचली, ती खरी आहे. चामड्याची बाजू मांडतो.

चामडं कमावायच्या दोन रीती. एक झाडपाल्याची: बाभळीची साल, हिरडा. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच कमावतात. दुसरी क्रोमची, रसायनाची. क्रोमचं मऊ, झटपट होणारं आणि स्वस्त. पण त्यातले क्षार लोखंडाला लागतात, हत्यारावर डाग पडतात. शिवाय ते मऊच राहतं, आकार धरत नाही. होल्स्टरला साल-हिरड्याचंच हवं. ते पाण्यात भिजवायचं, हत्याराच्या मापाचा लाकडी नाहीतर प्लॅस्टिकचा साचा आत घालायचा आणि हाडाच्या पट्टीने प्रत्येक कंगोरा दाबत जायचं: चापाची कडी, नळीची कड, घोड्याची जागा. सावलीत वाळलं की ते चामडं खणखणीत होतं. नखाने वाजवलं तर लाकडासारखा आवाज देतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होल्स्टरचं तोंड. हत्यार बाहेर काढल्यावर तोंड उघडं राहिलं पाहिजे. त्यासाठी तोंडाला दुहेरी थर देतो, आत पट्टी घालतो. वापरून वापरून तोंड मऊ पडतं, आतल्या बाजूला दुमडतं, आणि हत्यार परत घालताना तीच दुमड चापाच्या कडीत बोटासारखी शिरते. माझ्याकडे एक गृहस्थ वडिलांच्या वेळचं कव्हर घेऊन आले, फक्त टाके घालून द्या म्हणाले. मी तोंडात दोन बोटं घातली आणि बाहेर काढली, तोंड आपोआप मिटलं. टाके घातले नाहीत. नवीन घ्या म्हटलं, माझ्याकडून नाही तर दुसऱ्याकडून घ्या, पण हे वापरू नका. ते रागावून गेले. दोन महिन्यांनी परत आले.

आणि हत्यार चामड्याच्या कव्हरात कपाटात ठेवू नका. चामडं दमट हवा धरून ठेवतं. आमच्याकडे नाहीतर कोकणात पावसाळ्याचे चार महिने तसं ठेवलं तर वर बुरशी आणि आत गंज. हत्यार तेलपाणी करून वेगळं ठेवायचं, कव्हर वेगळं, हवेशीर.

इथल्या वाचकांसाठी: आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं, आणि नेणाऱ्याच्या ताब्यात. लग्नाच्या वरातीत कमरेला उघडं दाखवत मिरवणारे बघितले की जीव खालीवर होतो.

रानवारा

चामडेवाले दादा, तोंड मिटायची गोष्ट मी माझ्या ग्रुपवर पाठवते. इथेही लोक वडिलांची होल्स्टरं मायेने वापरतात.

करवीर_नेमबाज

कोल्हापूरचंच म्हणून लिहितो. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं तो २५ मीटर पिस्तूल प्रकार. त्यात होल्स्टरच नसतं. पिस्तूल पेटीतून मेजावर, मेजावरून हातात. जलद फेरीत हात ४५ अंशांत खाली धरून थांबायचं आणि इशारा मिळाला की उचलायचा. आमच्या मुलांना मी सांगतो, पिस्तूल पेटीत किंवा मेजावर, तिसरी जागा नाही. माणदेशी, रेंजवर तुम्हाला होल्स्टरमधून काढायचा सराव खरंच करायचा आहे का, ते आधी ठरवा. बऱ्याच रेंजवर तो करूच देत नाहीत. नुसता नेम सुधारायचा असेल तर कुलपाची पेटी पुरे.

देवराई

आता सवडीने. मी डेन्व्हरला असतो, आठ वर्षं आयडीपीए या नेमबाजी संस्थेच्या सामन्यांत भाग घेतो. ती संस्था १९९६ ला सुरू झाली ती याच कल्पनेवर की रोजच्या वापराचं पिस्तूल, रोजच्या वापराचं होल्स्टर, वर जाकीट, आणि तसा सामना. त्यामुळे शनिवार-रविवारी वेगवेगळी होल्स्टरं घातलेली माणसं एका रांगेत बघायला मिळतात.

सामन्याला आणि सरावाला पट्ट्याच्या बाहेरचं, उजव्या कमरेवरचं. काढायला सोपं, परत घालताना डोळ्यांनी बघता येतं. आणि परत घालताना अजिबात घाई नको. अपघात काढताना होतात त्याहून घालताना जास्त बघितले आहेत. बोट चापावरून सरळ, पिस्तुलाच्या अंगावर. शर्ट दुसऱ्या हाताने पूर्ण बाजूला. मग तोंडाकडे बघायचं आणि सावकाश. काही टोचलं, अडलं, तर जोर लावायचा नाही, बाहेर काढून बघायचं.

उघडं दिसेल असं लावणार असाल, आणि टेक्सासात उघडं लावायचं तर ते होल्स्टरमध्येच हवं, तर ओढून निघणार नाही असं अडसर असलेलं घ्या. पोलिसांच्या होल्स्टरला दोन-तीन अडसर असतात: एक आपोआप बसतो, एक अंगठ्याने फिरवायचा. कारण त्यांच्याशी झटापट होते. तुम्ही शर्टाखाली लावणार असाल तर साच्याची पकड पुरते. तपासायची रीत: रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून, गादीवर उलटं धरून हलवा. पडलं तर स्क्रू आवळा, तरी पडलं तर परत करा.

गाडी. इथे सगळे अडखळतात. उजव्या कमरेवर, थोडं मागे लावलेलं पिस्तूल सीट आणि सीटबेल्टच्या बकलाच्या मध्ये दाबलं जातं. पंधरा अंश पुढे कललेलं असेल तर लपतं छान, पण पाठीत रुततं. पोटावर, पुढे लावलं तर बसून हात पोचतो, पण नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असते, आणि नवख्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. काखेतलं, खांद्याच्या पट्ट्यांचं, बसलेल्या माणसाला सोयीचं, पण मागच्या सीटवर मुलगी बसणार ना? आडव्या काखेतल्या होल्स्टरची नळी थेट मागे असते. ते बाद. घोट्यावरचं बसून पोचतं, पण तुमचं मध्यम पिस्तूल घोट्याला जड होईल.

आणि ऑफिस. टेक्सासात नोकरदाराला आपल्या कुलूपबंद गाडीत पिस्तूल ठेवायची मुभा कायद्याने आहे, २०११ पासून. पण गाडी म्हणजे तिजोरी नव्हे. सीटच्या सांगाड्याला तारेच्या दोराने बांधलेली लोखंडी पेटी हवी. आणि रोज सकाळी पार्किंगमध्ये पिस्तूल काढायचं, संध्याकाळी घालायचं, म्हणजे आठवड्याला दहा वेळा, अरुंद जागेत, वाकून. मी असतो तर ऑफिसच्या दिवशी घरीच ठेवलं असतं.

सुभेदारकाकांचं जागा न बदलण्याचं मला पटतं, आणि उत्तरध्रुव ताईंचंही पटतं. मधला मार्ग असा की रोजची जागा एकच. दुसरी जागा तेव्हाच, जेव्हा कपडा किंवा सॅकच पहिली जागा अडवते, आणि त्या दिवशी निघायच्या आधी रिकाम्या पिस्तुलावर वीस वेळा सराव. तिसरी जागा नको.

धावण्याबद्दल: छातीला घट्ट बसणारी किंवा पोटावरची पिशवी मिळते, आत चापाचं कडक कवच असतं. मी सहा महिने वापरली. पाच किलोमीटरनंतर ती वर चढते, घाम आत शिरतो. पिस्तूल रोज उघडून पुसावं लागायचं. सोडली.

सुभेदार_सातारा

पटलं. कपडा बदलतो तेव्हा जागा बदलणं वेगळं, मन बदलतं म्हणून बदलणं वेगळं. अलास्कावाल्या पोरीचं बरोबर आहे.

माणदेशी

चार आठवडे झाले, काय केलं ते लिहितो.

पट्टा आधी घेतला, दीड इंची, आत पट्टी असलेला. मग माझ्याच मॉडेलचं कायडेक्सचं, विजारीच्या आत बसणारं. दोन आठवडे रोज रात्री मुलगी झोपल्यावर पिस्तूल रिकामं करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, पंधरा मिनिटं. उभं राहून, खुर्चीवर बसून, बुटाची नाडी बांधायला वाकून. गाडीत नुसतं होल्स्टर लावून बसलो, पिस्तूल न घालता. तेव्हा कळलं की सीटबेल्टचं बकल कायडेक्सच्या वरच्या कडेला आपटतं. होल्स्टर बोटभर पुढे सरकवलं, आता लागत नाही.

शनिवारी एन्चँटेड रॉकला गेलो, गुलाबी ग्रॅनाइटचा तो प्रचंड घुमट. पाठीवर भरलेली सॅक, कमरेला रिकामं होल्स्टर, चाचणीसाठी. वर पोचेपर्यंत सॅकच्या पट्ट्याने कायडेक्सची कड अशी दाबली की शर्ट काढल्यावर कातडीवर तिचा तांबडा चंद्रकोरीचा ठसा होता, क्लिपच्या दोन खुणांसकट. बायकोने फोटो काढून ठेवला आहे. छातीवरचं आता मागवलं आहे, फक्त बिग बेंडसाठी. जवळच्या टेकड्यांवर काही नेणार नाही. सांजवात, हे तुमच्यामुळे.

धावायला जाताना नाही. ऑफिसच्या दिवशीही नाही. शाळेत मुलीला घ्यायला जातो त्या दिवशी तर नाहीच, शाळेच्या इमारतीत कायद्यानेच बंदी आहे. दुकानांच्या दारावर ३०.०६ आणि ३०.०७ च्या, म्हणजे आत पिस्तूल आणायला मनाई सांगणाऱ्या, पाट्या असतात, त्याही आता दिसायला लागल्या आहेत. देवळाच्या दारावर दोन्ही आहेत. इतकी वर्षं जातोय, कधी लक्ष गेलं नव्हतं. हिशेब केला तर आठवड्यातले दीड-दोन दिवसच ते अंगावर असेल. त्यासाठी शंभर डॉलरचं होल्स्टर आणि साठ डॉलरचा पट्टा, आणि मला ते महाग वाटलं नाही.

ते नायलॉनचं कात्रीने मधोमध कापलं आणि मग कचऱ्यात टाकलं. कुणी उचलून वापरू नये.

सुभेदार_सातारा

शाबास. आता एकच विचारतो. पोरगी सहा वर्षांची म्हणालात. तिजोरीची किल्ली कुठे असते?

माणदेशी

किल्ली नाही काका, आकड्यांचं कुलूप आहे. आकडे मला आणि बायकोला ठाऊक. मुलीचा वाढदिवस ठेवला होता, तुमचा प्रश्न वाचून आत्ताच जाऊन बदलला.